‘जीवनस्मृती’त मुंबई शोधताना

१८७८ सालच्या पावसाळ्यात सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा मुंबईत एका मराठी कुटुंबात राहण्यास आला. ते घर डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांचे. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांमधले हे अग्रणी. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग त्यांचे थोरले बंधू. मुलगा म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर. विलायतेला जाण्याआधी त्याची इंग्रजी बोलण्याची भीड चेपावी, तिकडच्या रीतिभाती थोड्या अंगवळणी पडाव्यात, म्हणून त्याचे मधले बंधू सत्येंद्रनाथ यांनी ही सोय केली होती. शिकवणारी होती आत्मारामपंतांची नुकतीच विलायतेहून परतलेली कन्या अन्नपूर्णा, घरच्यांची आना.

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीला हा प्रसंग ठाऊक होता, तो इतरांच्या लिखाणातून. ब्राह्मो समाज आणि प्रार्थना समाज यांच्यातला संबंध केवळ व्याख्याने, उपासना आणि ठराव यांपुरता होता, की माणसे एकमेकांच्या घरी राहत, जेवत, शिकत होती, हा तिच्या प्रबंधिकेचा प्रश्न. त्यासाठी याहून चांगला साक्षीदार कोण असणार? स्वतः रवींद्रनाथ. त्यांनी पन्नाशीत आत्मपर ग्रंथ लिहिला आहे, ‘जीवनस्मृती’. भारतीय भाषांतील उत्तम आत्मपर लेखनात त्याची गणना होते. ‘काबुलीवाला’ लहानपणी आणि ‘गोरा’ महाविद्यालयात वाचून या लेखकावर लोभ जडलेला होताच. सत्येंद्रनाथांचे पुत्र सुरेंद्रनाथ यांनी केलेला आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद तिने मोठ्या अपेक्षेने उघडला.

अहमदाबादचे प्रकरण आले. शाहीबागेतला शाहजहानच्या काळचा वाडा, खाली साबरमती, सत्येंद्रनाथ कचेरीत गेले की रिकाम्या दालनांतून एकटाच फिरणारा मुलगा, गच्चीवरच्या चांदण्यात सुचलेली पहिली स्वतंत्र चालीची गाणी. सारे मन लावून लिहिलेले. मग पुढचे प्रकरण विलायतेचे; आणि त्याच्या तोंडाशीच, अहमदाबाद आणि मुंबई येथे सहा महिने काढून आम्ही विलायतेस निघालो, अशा अर्थाचे एक वाक्य. झाले. मुंबईच्या वाट्याला एक शब्द. तर्खडकरांचे घर नाही, आत्मारामपंत नाहीत, आना नाही.

निराशेची ही पहिली नोंद. पुढे ती वाढत गेली.

पुस्तकाची कालमर्यादा तरुण वाचकांना बहुधा ठाऊक नसते, म्हणून आधी तेवढे सांगणे बरे. ‘जीवनस्मृती’ १९११-१२ मध्ये रामानंद चट्टोपाध्यायांच्या ‘प्रवासी’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९१२ मध्ये गगनेंद्रनाथांच्या चित्रांसह पुस्तकरूपाने आली. नोबेल पारितोषिक १९१३ चे. तेव्हा ते त्यात शोधणे हा रवींद्रनाथांवर अन्याय होईल. पण १९०१ चे शांतिनिकेतनचे विद्यालय, १८९० नंतरची पद्मेच्या काठची जमीनदारी, १९०५ ची वंगभंगाची चळवळ, त्या १६ ऑक्टोबरला कलकत्त्याच्या रस्त्यांवर बांधलेल्या राख्या, हे सारे तोवर घडून गेलेले होते. यातले काहीही पुस्तकात नाही. १८८६ च्या ‘कडि ओ कोमल’ या काव्यसंग्रहापाशी, म्हणजे वयाच्या पंचविशीत, कथन थांबते. वाचकाला अंतःपुराच्या दारापर्यंत आणून सोडले, असा भाव व्यक्त करून यजमान निरोप घेतात. दारापर्यंत येऊन परत फिरलेल्या पाहुण्याला काय वाटेल, याची चिंता यजमानांनी फारशी केलेली दिसत नाही.

मराठी वाचकाला तर आणखी एक जागा खटकते. १८८३ मध्ये सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश होते आणि रवींद्रनाथ तेथे जाऊन राहिले. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात. चंद्रकोरीसारखा किनारा, सुरूची झाडे, सह्याद्रीतून येणारी काळी नदी यांचे वर्णन इतके सुंदर आहे की वाचताना हात आपोआप नकाशाकडे जातो. एका चांदण्या संध्याकाळी मंडळी होडीतून नदीच्या वरच्या अंगाला गेली. वाटेत उतरून त्यांनी शिवाजी महाराजांचा एक जुना डोंगरी किल्ला पाहिला, आणि मग एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात बसून फराळ केला. किल्ल्याचे नाव नाही, किल्ल्याविषयी वाक्यसुद्धा पुरते नाही. अंगणातल्या चांदण्याला मात्र भरपूर जागा. ज्या कवीने १९०४ साली ‘शिवाजी उत्सव’ ही दीर्घ कविता लिहिली, आणि तीही बंगालमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्कर यांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने, त्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या किल्ल्याला अर्धे वाक्य द्यावे, हे विद्यार्थिनीला पचले नाही. चिडून तिने समासात पेन्सिलीने किल्ल्यापुढे भले मोठे प्रश्नचिन्ह काढले.

वास्तविक पुस्तक वाचकाला फसवत नाही. आरंभीच रवींद्रनाथ बजावतात की स्मृतीच्या पटावर चित्रे काढणारा जो कोणी आहे तो चित्रकार आहे, घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नक्कल ठेवणारा कारकून नव्हे. तो लहानाचे मोठे करतो, मोठ्याचे लहान करतो, पुढचे मागे नेतो. त्यामुळे इथे इतिहास मागू नका. इतिहासाच्या वर्गात आत्मचरित्राच्या मर्यादा शिकवताना ही प्रस्तावना सरळ पाठ्यपुस्तकात घालावी, इतकी ती नेमकी आहे. पण सूचना आधी देऊन ठेवली की जबाबदारी संपते का? ज्या चित्रकाराला वगळण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याने काय वगळले हे विचारण्याचे स्वातंत्र्य वाचकालाही असले पाहिजे.

आणि जे वगळलेले नाही ते काय तोडीचे आहे, हे पाहिल्यावर तर तक्रार अधिकच टोकदार होते. जोडासाँकोच्या प्रचंड वाड्यात ही मुले नोकरांच्या ताब्यात वाढली. भारताच्या इतिहासात गुलाम घराण्याची राजवट सुखाची नव्हती, अशी कोटी करून रवींद्रनाथ आपल्या बालपणातल्या ‘भृत्यराजक तंत्रा’चे वर्णन करतात. श्याम नावाचा नोकर मुलाला एका जागी बसवून भोवती खडूने रेघ ओढी आणि ती ओलांडलीस तर संकट कोसळेल अशी तंबी देऊन निघून जाई. मुलाने रामायण ऐकलेले. सीतेने रेषा ओलांडल्यावर काय झाले ते त्याला माहीत. तो तासन्‌तास खिडकीतून तळे आणि वडाचे झाड पाहत बसे. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत हिंदू कुटुंबातले बालपण समजून घ्यायला या दोन पानांइतकी सामग्री अनेक जाड ग्रंथांत मिळत नाही. तसाच १८७३ चा, मुंजीनंतरचा हिमालयाचा प्रवास. तिकीट तपासनिसाला मुलाच्या वयाचा संशय येतो, पूर्ण तिकिटाचे पैसे मागितले जातात, देवेंद्रनाथ नोट काढून देतात आणि परत आलेली मोड तशीच फलाटावर भिरकावतात. देवेंद्रनाथांचा स्वभाव समजण्यास हा प्रसंग पुरतो.

म्हणजे पाहण्याची नजर होती, तपशिलाची आठवण होती, सांगण्याची हातोटी तर होतीच. मग मुंबईचे घर का नाही?

राजकारणाबाबतचे मौन मात्र तितके पूर्ण नाही, हे विद्यार्थिनीच्या दुसऱ्या वाचनात लक्षात आले. ‘स्वादेशिकता’ नावाच्या प्रकरणात रवींद्रनाथ आपल्या किशोरवयातील एका गुप्त सभेची हकीकत सांगतात. बंधू ज्योतिरिंद्रनाथ तिचे चालक आणि वृद्ध राजनारायण बसू अध्यक्ष. कलकत्त्याच्या एका गल्लीतले पडके घर, बंद दार, अंधारी खोली, ऋग्वेदाच्या मंत्रांनी दीक्षा, कुजबुजत बोलणे. सभेने स्वदेशी आगपेट्या काढल्या. त्या एका पेटीच्या खर्चात गावाची चूल वर्षभर पेटली असती, आणि जवळपास आधीच विस्तव असल्याशिवाय त्या काड्या पेटत नसत. मग स्वदेशी माग आला. त्यावर एक पंचा विणून निघाला, आणि ब्रजबाबू तो डोक्याला गुंडाळून आनंदाने नाचू लागले. याच सभेचे सांकेतिक नाव ‘हाम्‌चूपामूहाफ’ असे होते; ते मात्र रवींद्रनाथांच्या नव्हे, ज्योतिरिंद्रनाथांच्या आठवणींत सापडते. त्याही पुस्तकाचे नाव जीवनस्मृतीच. एकाच घरातल्या दोन भावांच्या एकाच नावाच्या दोन स्मृती शेजारी ठेवून वाचण्याची संधी इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोज मिळत नाही.

हे प्रकरण पहिल्यांदा नुसते विनोदी वाटते. पण ते केव्हा लिहिले गेले, ते पाहावे. १९०८ मध्ये खुदिराम बोस फासावर गेले होते, अलीपूर खटल्याचा निकाल १९०९ मध्ये लागला होता, बंगालमधल्या गुप्त समित्यांची धरपकड चालू होती. लेखमाला छापली जात असतानाच, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ‘जन गण मन’ पहिल्यांदा गायले गेले. अशा दिवसांत रवींद्रनाथ लिहितात की सरकार त्या काळी इतके संशयी आणि भयंकर झाले असते तर आमच्या त्या पोरखेळाच्या प्रहसनाची शोकांतिका व्हायला वेळ लागला नसता. हे वाक्य १८७० च्या दशकाविषयीचे नाही, हे उघड आहे. जुन्या पंचाआडून ते १९११ विषयी बोलत आहेत. स्वदेशी चळवळीतून १९०७ च्या सुमारास बाजूला झालेल्या आणि त्याबद्दल टीका सोसलेल्या माणसाने आपली बाजू सांगण्यासाठी विनोद निवडला, असे म्हणता येईल. पटो वा न पटो, ती बाजू तेथे आहे.

म्हणून निराशेचे खरे ठिकाण राजकारण नव्हे. ते घराच्या आत आहे.

‘मृत्युशोक’ हे या पुस्तकातले सर्वांत गाजलेले प्रकरण. त्यात आईच्या मृत्यूनंतर, वयाच्या चोविसाव्या वर्षी झालेल्या मृत्यूच्या कायमच्या ओळखीचे वर्णन येते. कोणाचा मृत्यू, ते तेथे सांगितलेले नाही. ती ज्योतिरिंद्रनाथांची पत्नी कादंबरीदेवी. एप्रिल १८८४ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतच, तिने अफू घेऊन जीव दिला. (तेव्हा रवींद्रनाथांना तेविसावे पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते, स्मृतीच्या चित्रकाराने वर्षही आपल्या हिशेबाने घातले आहे.) पुस्तकात आधी ती येते ती फक्त ‘बौठाकुरानी’ म्हणून: कवी बिहारीलाल चक्रवर्तींची चाहती, त्यांना स्वतःच्या हातांनी आसन विणून देणारी, धाकट्या दिराला तुला काही बिहारीलालांची सर येणार नाही म्हणून चिडवणारी. रवींद्रनाथांची पहिली खरी टीकाकार. मृत्यूच्या प्रकरणात ती सावलीपुरतीही नाही. आहे तो केवळ मागे राहिलेल्या तरुणाचा सैरभैरपणा: धोतरावर जाडी चादर पांघरून, पायांत चपला सरकवून थॅकरच्या दुकानात पुस्तके आणायला जाणारा, तिसऱ्या मजल्यावर उघड्यावर झोपणारा माणूस.

त्या घराने हा मृत्यू दडपला होता. वृत्तपत्रांत बातमी येऊ नये म्हणून झालेला खर्च ठाकूर घराण्याच्या जमाखर्चात नोंदलेला सापडतो. प्रशांतकुमार पाल यांनी ‘रविजीवनी’चे खंड लिहिताना याच हिशेबाच्या वह्या पानोपानी वाचल्या. कवीच्या आत्मपर पुस्तकात जे नाव नाही, त्याचा माग मुनिमाच्या वहीत लागावा, यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला विषण्ण करणारे आणि काहीसे धीर देणारेही असे दोन्ही आहे.

पत्नीची गत याहून वेगळी नाही. ९ डिसेंबर १८८३ रोजी रवींद्रनाथांचा विवाह झाला. वधू भवतारिणी, लग्नानंतर मृणालिनी. वय दहाच्या आसपास. ‘जीवनस्मृती’त याला एक वाक्य आहे: कारवारहून परतल्यावर काही काळाने विवाह झाला, तेव्हा माझे वय बावीस होते. वराचे वय आहे, वधूचे नाही, नावही नाही. लिहिताना मृणालिनीदेवींना जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्यांच्यामागून १९०३ मध्ये कन्या रेणुका आणि १९०७ मध्ये धाकटा शमींद्रनाथही गेला होता. एवढे मृत्यू पाठीशी असलेला माणूस १९११ मध्ये लिहायला बसतो आणि शोकाचे प्रकरण १८८४ मध्येच मिटवतो. या ठिकाणी विद्यार्थिनीचा राग थोडा निवळला. वाचकाला जे चुकवणे वाटते ते लिहिणाऱ्याच्या बाजूने हात न धजणे असू शकते. परंतु हा खुलासा कादंबरी आणि मृणालिनी यांच्यापुरता चालतो. मुंबईला तो लागू पडत नाही. तेथे कोणी आत्महत्या केली नव्हती, कोणतीही अब्रू झाकायची नव्हती.

या काळातले मराठी आत्मपर लेखन डोळ्यांपुढे आणले म्हणजे फरक ठसठशीत दिसतो. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चे, म्हणजे ‘जीवनस्मृती’च्या जेमतेम वर्षभर आधीचे. रमाबाई काही मान्यवर साहित्यिक नव्हत्या. पण त्यांच्या शिक्षणावरून घरातल्या बायकांनी कोणते टोमणे मारले, कोण बोलले, कोण गप्प राहिले, हे त्या माणसांनिशी सांगतात. त्यांच्या पुस्तकात नवऱ्यापुढे स्वतःला लहान करणे पुष्कळ आहे आणि आजच्या वाचकाला ते जाचते. तरी त्या घरात किती बायका होत्या आणि त्या कशा बोलत, हे आपल्याला कळते. जोडासाँकोच्या वाड्यातल्या बायका रवींद्रनाथांच्या पुस्तकात पडद्यामागून हलणाऱ्या बांगड्यांसारख्या आहेत. त्या लेखकाच्या घडणीत होत्या हे जाणवते, आणि तेवढ्यावर भागवावे लागते.

आनाची गोष्ट रवींद्रनाथ विसरले होते, असे मात्र म्हणता येत नाही. १९४० मध्ये, मृत्यूच्या वर्षभर आधी, त्यांनी मुलांसाठी ‘छेलेबेला’ लिहिले; तेच बालपण, अधिक सैल, अधिक बोलकी भाषा. तेथे बासष्ट वर्षांनी मुंबईचे ते घर उजळते. विलायतेतून शिक्षण घासूनपुसून लखलखीत करून आणलेली एक मुलगी येते. आपल्याकडे दाखवायला विद्या नाही, म्हणून हा मुलगा तिला आपण कविता करतो एवढेच सांगतो, आणि तिचा त्यावर विश्वास बसतो. ती त्याच्याकडे स्वतःसाठी एक नाव मागते. तो देतो आणि ते कवितेत गुंफतो. दाढी कधी वाढवू नकोस, चेहऱ्याची ठेवण झाकली जाईल, असे ती त्याला बजावते. जगभर ज्यांची दाढीच आधी ओळखली जाते ते गृहस्थ येथे किंचित हसून कबूल करतात की तो शब्द पाळला गेला नाही. आणि तो मोडलेला पाहायला ती राहिली नव्हती. याआधी दिलीपकुमार राय यांच्याशी बोलतानाही त्यांनी आनाची आठवण आदराने काढली होती.

याचा अर्थ, १९११ मध्येही हे सारे मनात होते. पन्नाशीतल्या, घरच्या मृत्यूंनी आणि सार्वजनिक टीकेने सावध झालेल्या लेखकाला ते छापण्याजोगे वाटले नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या म्हाताऱ्याला वाटले. पण ‘छेलेबेला’तही तिचे खरे नाव येत नाही. तिच्या वडिलांचे नाव नाही, प्रार्थना समाजाचा उल्लेख नाही, घर मुंबईतल्या कोणा गृहस्थाचे, एवढेच. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही पुस्तकांत मिळून एका परिच्छेदाच्या वर जात नाही. ज्या साक्षीदारावर सारी भिस्त होती त्याने नेमकी तीच ओळ कोरी ठेवावी, याचे दुःख लहान नसते. विशेषतः तो साक्षीदार इतका सुंदर बोलत असताना.

शेवटी तिला दुसऱ्या बाजूला वळावे लागले. २० सप्टेंबर १८७८ रोजी रवींद्रनाथांचे जहाज मुंबईहून सुटले. त्याचे नाव ‘पूना’. ही गोष्ट तिला उगीचच आवडली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ‘कविकाहिनी’ हे त्यांचे पहिले पुस्तक कलकत्त्यात निघाले आणि त्याची एक प्रत ज्योतिरिंद्रनाथांनी मुंबईला आनाकडे पाठवली. तिने त्यांना लिहिलेले आभाराचे इंग्रजी पत्र उपलब्ध आहे. ‘भारती’ मासिकात आलेली ही कविता तिला इतक्या वेळा वाचून आणि भाषांतर करून दाखवली गेली होती की ती जवळजवळ पाठ झाली आहे, असे ती त्यात कळवते. म्हणजे मुंबईच्या त्या घरात शिकवणी एकाच दिशेने चालत नव्हती. एक मराठी मुलगी बंगाली मुलाला इंग्रजी शिकवत होती आणि तो तिला बंगाली कविता समजावून देत होता. पुढे आनाचे लग्न हॅरल्ड लिटलडेल यांच्याशी झाले आणि १८९१ मध्ये एडिंबरा येथे तिचे निधन झाले. लिहिताना ती स्वतःच्या नावात ‘नलिनी’ हा शब्द वापरत असे. १८७८ साली मागून घेतलेले नाव तेच.